ऋण कार्य : कोणाचे, कोणावर?

भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकातील एका शब्दप्रयोगाविषयी साहित्याच्या अभ्यासकांपुढे लिहिणे काहींना अप्रस्तुत वाटेल. तरीही आम्ही ते धाडस करतो. कारण 'ऋण कार्य' या संकल्पनेपाशी नववी-दहावीतली मुले अडखळतात ती गणितामुळे नव्हे, वाक्यरचनेमुळे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बारामती तालुक्यातील सांगवीचे शिवार घ्या. नीरा डाव्या कालव्याचे पाणी उताराने येते. पाटातून ते उसाच्या सरीत उतरते तेव्हा गुरुत्वबल खाली ओढत असते आणि पाणीही खालीच सरकत असते. दोहोंची दिशा जुळली, म्हणून गुरुत्वबलाचे कार्य धन. याच शिवारात विहिरीचे पाणी पंपाने वर चढवावे लागते. बल तेच, खाली ओढणारे. विस्थापन मात्र वर. आता त्याच गुरुत्वबलाचे कार्य ऋण. हजार लिटर पाणी दहा मीटर चढवले, तर पाइपातले घर्षण आणि पाण्याचा वेग सोडून दिल्यास, पाण्यावर पंपाने केलेले कार्य ९८,००० ज्यूल आणि गुरुत्वबलाने केलेले उणे ९८,००० ज्यूल. घटना एक, कर्ते दोन, चिन्हे दोन. मग 'पाणी चढवण्याचे कार्य धन की ऋण?' या प्रश्नाला उत्तर तरी कोणते द्यावे? त्यात कर्ताच नाही.

व्याकरणाच्या तासाला आपण कर्ता आणि कर्म विचारल्याशिवाय वाक्य सोडत नाही. विज्ञानाच्या तासाला मात्र 'घर्षणाचे कार्य ऋण असते' हे वाक्य खुशाल पाठ होते. ट्रॉली सुरू होताना तिच्या तळावरचे खताचे पोते पुढे नेते कोण? घर्षणच. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तिथे ते पोत्यावर धन कार्य करताना दिसते. चिन्ह हा बलाचा स्वभाव नव्हे; ते बल आणि विस्थापन यांच्यातले नाते आहे.

शब्दांचा दोष म्हणावा तर तसेही नाही. धन आणि ऋण ही जोडी ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये वापरली, ती संपत्ती आणि कर्ज या अर्थांतून. इंग्रजीतल्या 'निगेटिव्ह'ला आज जो वाईटपणाचा वास चिकटला आहे, त्यापेक्षा आपला 'ऋण' बराच बोलका आहे. पदार्थाच्या खात्यावर गतिज ऊर्जा जमा करणारे कार्य धन, खात्यातून ती काढून घेणारे ऋण. सगळ्या बलांच्या कार्याची बेरीज म्हणजे त्या खात्यातला बदल. सोसायटीचे पीककर्ज ज्या घरात दरवर्षी बोलले जाते, तिथल्या मुलाला हे समजावून सांगायला कितीसा वेळ लागणार?

खरी अडचण 'कार्य' या शब्दाची आहे. फ्रेंच अभियंता कोरिओलिस याने १८२९ साली यंत्रांच्या हिशेबासाठी 'त्रावाय', म्हणजे श्रम, हाच शब्द पारिभाषिक केला. मराठीने 'काम' टाळून 'कार्य' घेतले. पण लग्नकार्यापासून समाजकार्यापर्यंत त्याला जो मान आहे, तो काही सुटत नाही. मग उसाची मोळी डोक्यावर घेऊन सपाट रानातून संथ चालणाऱ्या बाईचे कार्य 'शून्य' असे फळ्यावर येते. जिची आई ऊसतोडीला जाते ती मुलगी ते वहीत उतरवून घेते, आणि आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की पुस्तकावर, हे तिला कोणी सांगत नाही. सांगायचे एवढेच, की मोळीला पेलणाऱ्या उभ्या बलाने आडव्या विस्थापनात मोळीवर केलेले कार्य शून्य. बाईच्या शरीराविषयी ते वाक्य काहीच बोलत नाही. स्नायू ताठ ठेवायला अन्नातली ऊर्जा सतत खर्ची पडते आणि तिचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. (विस्थापन हा शब्दही या बाईच्या संदर्भात आणखी एका अर्थाने ऐकू येतो, तो असो.)

आमच्या मते या धड्याचा पहिला प्रश्न बैलगाडीवर असावा. ऊस भरलेली गाडी ओढ्याच्या उताराला लागते. मागून रेटणारी गाडी बैल पाय रोवून, जू मागे लोटून थोपवत नेतात. बल मागे, गाडी पुढे. बैलांनी गाडीवर केलेले कार्य ऋण, गुरुत्वबलाने केलेले धन. आणि खाली पोचेतो धाप लागलेली असते ती बैलांनाच.