रक्तसाक्षींतील साक्ष

ठाण्याच्या चार रक्तसाक्षींवर प्रवचने पुष्कळ होतात. पण त्यांत तलवार फार आणि घर फार थोडे, ही आमची तक्रार आहे.

इ. स. १३२१ मध्ये थॉमस, याकोब, पीटर व बहुभाषी बंधू दिमित्रियुस हे फ्रान्सिस्कन होर्मुझहून समुद्रमार्गे ठाण्यास उतरले. येथील पंधरा नेस्टोरियन ख्रिस्ती घरांपैकी एकाने त्यांना आसरा दिला. त्या घरात नवऱ्याने बायकोला मारले. तिने काझीकडे दाद मागितली आणि साक्षीदार म्हणून या परदेशी पाहुण्यांची नावे घेतली. पुढे धर्मावरून वाद पेटला, तिची फिर्याद मागे पडली आणि एप्रिलमध्ये चौघांचे प्राण गेले. ओदोरिक या फ्रान्सिस्कनाने हा वृत्तान्त लिहून ठेवला. तिचे नाव मात्र त्यात नाही.

मिशन रविवारी दूरदेशीच्या सेवेसाठी उदार हाताने देणारी मंडळी कोपरीच्या चाळीत भिंतीपलीकडे मारहाण ऐकू आली की ‘त्यांच्या घरातली भानगड’ म्हणून दार लावून घेतात. बाई रडत आलीच, तर ‘क्रूस समजून सोस’ असा उपदेश करतात. प्रभूने क्रूस स्वतःच्या खांद्यावर घेतला. तो दुसऱ्याच्या पाठीवर लादण्याचा अधिकार यांना कोणी दिला?

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला संरक्षणाचा हक्क दिला आहे. तिच्यासोबत पोलीस चौकीची पायरी चढणारा शेजारी मात्र कायदा पुरवीत नाही. तो धर्मग्रामानेच द्यावयाचा आहे. ‘रक्तसाक्षी’ या शब्दातील रक्त आपल्याकडून कोणी मागत नाही. साक्ष मात्र आजही मागितली जात आहे.