मैफलीसाठी कॅमेरा: झूम नको, उजेड बघा

मंडळी, "कार्यक्रमाचे फोटो काढायला छोटासा कॅमेरा दाखवा" असं म्हटलं की दुकानदार दोनच आकडे सांगतो: मेगापिक्सेल आणि झूम. माझं स्पष्ट मत असं आहे की अंधाऱ्या हॉलमध्ये हे दोन्ही आकडे जवळजवळ बिनकामाचे.

आपल्या वऱ्हाडातलीच उदाहरणं घ्या ना. अमरावतीचं संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन, अकोल्याचं प्रमिलाताई ओक सभागृह, नाहीतर मोझरीच्या गुरुकुंजातली खंजिरी भजनं. दिवेलागण झाली की गणित सगळीकडे एकच. उजेड कमी, आणि तबल्यावरचा हात काही थांबत नाही. फ्लॅश तर विसराच. पंधराव्या रांगेतून तो स्टेजपर्यंत पोचत नाही, पुढच्या काकांचं टक्कल तेवढं उजळतं!

मग बघायचं काय? पहिलं, सेन्सरचा आकार. साध्या कॉम्पॅक्टमधल्या १/२.३ इंची सेन्सरपेक्षा 'एक इंची' म्हणवणाऱ्या सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण चौपट असतं. दुसरं, झूम पूर्ण ताणल्यावरचं अ‍ॅपर्चर. फसगत होते ती इथेच. २०१२चा सोनी आरएक्स१०० सुरुवातीला एफ १.८ असतो, पण १०० मिमीला एफ ४.९ वर येतो. म्हणजे उजेड जेमतेम सातवा हिस्सा! २०१४चा आरएक्स१०० मार्क ३ झूमला ७० मिमीवरच थांबतो, पण तिथे एफ २.८ देतो, म्हणजे तिप्पट उजेड. आता ७० मिमीचा फोटो कापून १०० मिमीएवढा केला, तर २० पैकी १० मेगापिक्सेल उरतात आणि उजेडही निम्मा धरावा लागतो. तरी हिशेबाने दीडपट उजेड आपल्याकडेच. मला तर हा सौदा डोळे झाकून मान्य आहे. त्याहून जवळचा फोटो हवा असेल तर सरळ लवकर जाऊन पुढची खुर्ची धरावी. सगळ्यात स्वस्त झूम तोच.

"पण मोबाईल आहे की!" आहे, आणि रिकाम्या स्टेजचा तो छानच काढतो. त्याचा नाईट मोड अनेक फ्रेम्स एकावर एक रचतो. गायिकेने मान हलवली की गडबड सुरू. शिवाय मागच्या माणसाच्या डोळ्यांत तो उजळ स्क्रीन खुपतो तो वेगळाच.

वापरलेला कॅमेरा घेतलात तरी चालेल, पण आपल्याकडची धूळ विसरू नका. आत-बाहेर सरकणाऱ्या लेन्समधून ती आत शिरते. घेण्याआधी एफ ११ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर नमस्कार करून बाहेर पडा.

हॉलमध्ये शिरण्याआधी बीप बंद आणि फोकससाठी लागणारा तो छोटा दिवाही बंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० ठेवलं तर पट्टे सहसा टळतात. मागचा पडदा काळा असेल तर एक्स्पोजर एक पायरी खाली घ्या, नाहीतर पांढरा झब्बा पार जळून जातो. तबलजीचा हात थोडा पुसट आला तर येऊ द्या, चेहरा स्थिर हवा.

एवढा खटाटोप कशाला? कारण मुंबई-पुण्याच्या महोत्सवांना छायाचित्रकारांची फौज असते. आपल्याकडे एखादी मुलगी दहा वर्षं शिकून पहिल्यांदा स्टेजवर बसते, तेव्हा पुष्कळदा तिचा धड एक फोटो निघत नाही. उद्या कुठे कार्यक्रम मागायला गेली की पहिल्यांदा फोटोच मागतात. तो तुमच्याकडे असेल तर तिला नक्की पाठवा. पण तो काढताना तिचा सूर हलता कामा नये, ही अट मी कुठल्याही सेन्सरच्या वर ठेवतो. पहिल्या बंदिशीत पंधरा-वीस फोटो घ्या आणि कॅमेरा खिशात टाका.

उरलेली मैफल कानांसाठी ठेवा राजेहो!