बॅकग्राउंडला चाललंय, ते चालू द्यायचं का?

यंदाच्या दिवाळीत चुडाव्याला काकांकडे गेले, तर घरात नवा लॅपटॉप आलेला. त्याच्या आदल्याच आठवड्यात, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला होता. चुलत भावाचा जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. टीपीएम २.० पाहिजे, प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा पाहिजे, वगैरे. म्हणून काकांनी पैसे जमवून नवा घेऊन दिला. आणि भावाचं पहिलं वाक्य काय? "ताई, ह्याचा पंखा लई आवाज करायलाय. नवा हाय तरी हँग व्हायलाय."

त्यानं मला टास्क मॅनेजर उघडून दाखवला. एकही प्रोग्राम उघडा नाही आणि तरी शंभरेक नावं हलतायत. त्यात हॉटस्पॉट काकांच्या मोबाईलचा, रोजचा दीड जीबीचा पॅक. तो दुपारच्या आतच संपायचा. मग त्यानं एक व्हिडिओ लावला. त्यात एक भाऊसाहेब धडाधड सांगत होते की या या सर्व्हिसेस बंद करा, लॅपटॉप रॉकेट होईल. भावानं दहा-बारा बंद केल्या. मी शेजारी बसून चकली खात मान डोलावत होते, हे आधीच कबूल करते. मास कम्युनिकेशन शिकलेली ताई म्हणून निदान "थांब" तरी म्हणायला हवं होतं.

नोव्हेंबरमध्ये त्याचा रात्री साडेदहाला फोन आला. प्रॅक्टिकलच्या जर्नलचे फोटो काढून त्यांची एक पीडीएफ करायची होती आणि बारापर्यंत पाठवायची होती. फोटो निवडले, प्रिंट दाबलं, तर प्रिंटरच दिसेना. पीडीएफवालाही गायब. आमच्या घरी प्रिंटर नाही, म्हणून दिवाळीत 'प्रिंट स्पूलर' नावाची सर्व्हिस आम्ही निर्धास्तपणे बंद केली होती. आता कळलं की विंडोजमधली 'प्रिंट टू पीडीएफ' सोयसुद्धा तिच्याच जिवावर चालते. कागद असो वा फाईल, विंडोजच्या लेखी दोन्ही प्रिंटरच. फोनवर शोधत शोधत ती सर्व्हिस परत चालू करेपर्यंत सव्वाअकरा झाले. जर्नल गेलं, पण त्या पाऊण तासात आम्ही दोघंही घामाघूम.

नव्या विंडोजवर आलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांपुढे हाच प्रश्न असणार. 'सगळं बंद करा' म्हणणारे व्हिडिओ भरपूर आहेत आणि 'काहीच हात लावू नका' म्हणणारे जाणकारही. मला दोन्ही अर्धवट वाटतात. आधी हे विचारा की तुमच्याकडे कमी काय आहे? रॅम, डेटा की भरवसा? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

रॅमचं आधी उरकते. टास्क मॅनेजरमधली ती लांबलचक यादी बघून घाबरू नका. २०१७ पर्यंत विंडोज अनेक सर्व्हिसेस एकाच प्रोसेसमध्ये कोंबायचं. त्या वर्षीच्या एका अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिसेस सुट्या दिसायला लागल्या, म्हणजे एक कोसळली तर बाकीच्या वाचाव्यात. यादी लांबली यात मोठा वाटा या सुटेपणाचा. एखादी सर्व्हिस बंद करून वाचते ती रॅम बहुतेकदा काही एमबीत मोजावी लागते. ब्राउझरचे दहा टॅब उघडलेत की त्याच्या कितीतरी पट जाते.

आणि नव्या लॅपटॉपचा पहिला आठवडा तसाही वाईटच असतो. विंडोज सर्च तुमच्या फाईलींची अनुक्रमणिका बनवत असतं, डिफेंडर सगळं तपासत असतं, महिनोन्‌महिन्यांचे अपडेट एकदम उतरत असतात. पंखा ओरडणारच. भावानं सर्च आणि सिसमेन बंद केलं, पुढं पंखा शांत झाला, आणि श्रेय मिळालं व्हिडिओला. मला वाटतं आठवडाभर थांबलो असतो तरी तो शांत झाला असता. (सिसमेन म्हणजे जुना सुपरफेच, व्हिस्टाच्या काळापासूनचा. तुम्ही नेहमी वापरता ती ॲप्स आधीच मेमरीत आणून ठेवतो. एसएसडी असेल तर त्याचा फायदा फारसा जाणवत नाही, तोटाही नाही. जुन्या हार्डडिस्कवर मात्र तो कधीकधी डिस्क अडवून बसतो. तिथं बंद करून बघायला हरकत नाही.)

खरा वेग हवा असेल तर सर्व्हिसेसच्या यादीत जायचीच गरज नाही. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप ॲप्स' बघा. लॅपटॉपसोबत फुकट आलेला चाचणीपुरता अँटिव्हायरस, चॅटची ॲप्स, गेमचे लाँचर, हे सगळे तिथं रांगेत बसलेले असतात. ते बिनधास्त बंद करा, काही मोडत नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्येही एक पर्याय असतो, ब्राउझर बंद केल्यावरही मागं चालू राहण्याचा. तोही काढा.

आता डेटा. इथं मला खरा राग येतो, आणि तो लॅपटॉपच्या वेगापेक्षा मोठ्या गोष्टीवर आहे. नवं विंडोज असं गृहीत धरून चालतं की तुमच्या घरात भिंतीत वायर आहे, वायफाय रात्रंदिवस चालू आहे आणि जीबी कोणी मोजत नाही. चुडाव्यात, पूर्णेत, किंवा तुमच्या होस्टेलच्या खोलीत हे गृहीतक खरं आहे का? २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा तर घरगुती आवृत्त्यांत एक सोय मुळातच चालू ठेवलेली होती. तुमच्या मशीननं उतरवलेले अपडेट तुमच्याच इंटरनेटवरून अनोळखी लोकांच्या मशीनना वाटायची! ही 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आजही अपडेटच्या प्रगत पर्यायांत आहे. ती इंटरनेटवरच्या इतर मशीनसाठी चालू नाही ना, एवढं आजच बघून घ्या.

पण डेटा वाचवायचा म्हणून अपडेटची सर्व्हिसच मारू नका. सेटिंगमध्ये नेटवर्कमध्ये जाऊन मोबाईलच्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' करा. मग विंडोज बहुतेक मोठे अपडेट त्या जोडणीवरून स्वतःहून उतरवत नाही, वायफायची वाट बघतं. एका बटणाचं काम आहे. आम्ही मात्र सर्व्हिसेसच्या यादीत कुऱ्हाड घेऊन फिरत होतो.

अपडेट का मारायचं नाही, ते २०१७ सालानं दाखवलंय. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे रोजी वॉनाक्राय त्याच भोकातून जगभर घुसला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते, आणि सर्वात जास्त फटका अपडेट न घेतलेल्या मशीनना बसला. आपल्या पोरांच्या बाबतीत तर धोका याहून साधा आहे. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला नाही असा विद्यार्थी दाखवा! रॅम खातो म्हणून डिफेंडर बंद करायचा आणि तोच पेनड्राइव्ह घरी आणायचा, म्हणजे दार काढून ठेवून कुलूप विकत घेण्यातला प्रकार.

तरी अपडेटची भीती खुळचट आहे असंही मी म्हणणार नाही. त्याच २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या आला, तो पसरायला सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. त्याचा फटका थेट आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलला बसला आणि कंटेनर खोळंबले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक चुकीचं अपडेट गेलं, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. म्हणजे बॅकग्राउंडला जे येतं ते नेहमी भल्याचंच असतं असं नाही. त्यावरचा उपाय मला एवढाच पटतो: अपडेट आठवडाभर लांबवा. विंडोज ११ मध्ये 'पॉज' आहे, एकेका आठवड्याचा, पाच आठवड्यांपर्यंत. सबमिशनच्या आठवड्यात तो वापरायचाच. तेवढ्यात काही बिघाड असेल तर तो दुसऱ्यांच्या मशीनवर उघड होतो.

बंद करणं योग्य ठरलं अशीही एक वेळ आली होती, आणि गंमत म्हणजे ती याच प्रिंट स्पूलरची. जुलै २०२१ मध्ये त्यात 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं भोक सापडलं, तेव्हा अपडेट तयार होईपर्यंत ही सर्व्हिस बंद ठेवा, हा तोडगा खुद्द मायक्रोसॉफ्टनंच दिला होता. तेव्हा बंद करायला कारण होतं. आम्ही बंद केली ती व्हिडिओत सांगितलं म्हणून.

राहिला भरवसा. आपल्या वापराची माहिती कंपनीकडे जाते, ती किती जावी? सेटिंगमध्ये 'डायग्नोस्टिक डेटा'चे दोन थर आहेत, आवश्यक आणि ऐच्छिक. ऐच्छिक बंद करता येतो, आवश्यक तिथून बंद होत नाही. हा थर एका माणसानं बंद करून फारसं काही होत नाही, हे मला पटत चाललंय. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण नियामकानं जुलै २०१६ मध्ये विंडोज १० गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करतं म्हणून नोटीस दिली, आणि कंपनीनं गोळा होणारी माहिती कमी केल्यावर २०१७ मध्ये प्रकरण मिटवलं. आताच्या विंडोज १० चंच बघा. वर्षभराचे वाढीव सुरक्षा अपडेट मिळवायला आपल्याला सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवावा लागतो, नाहीतर रिवॉर्ड पॉइंट किंवा पैसे द्यावे लागतात. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तिथं बॅकअपची अट गेली. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्येच झाला. तो 'मुळातच चालू' असलेल्या बटणांपर्यंत पोचतो का, हे आपणच विचारत राहायला हवं.

तरीही एखादी सर्व्हिस बंद करायचीच असेल तर 'डिसेबल्ड' करू नका, 'मॅन्युअल' करा. डिसेबल्ड म्हणजे गरज पडली तरी उठायचं नाही. मॅन्युअल म्हणजे हाक मारली तर ये. एका वेळी एकच बदला, आधी काय होतं ते वहीत लिहा आणि दोन दिवस वापरून मग पुढचीला हात लावा. आमच्या भावानं दहा-बारा एकदम बदलल्या आणि लिहिलं काहीच नव्हतं, म्हणून त्या रात्री कोणती सर्व्हिस रुसलीय हे शोधण्यातच अर्धा तास गेला.

आता त्याच्या लॅपटॉपला हॉटस्पॉट मीटर्ड आहे आणि सर्व्हिसेस होत्या तशा. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट सोडतं. तेव्हा आपल्याकडे रात्र असते, म्हणजे ते हाती लागतं बुधवारी. त्याच्या पुढच्या बुधवारी भाऊ चुडाव्याहून नांदेडच्या गाडीत चढताना लॅपटॉप सोबत घेतो, कॉलेजच्या वायफायवर लावतो आणि कँटीनमध्ये पोहे खायला जातो. मागच्या वेळी चार्जर घरीच विसरला होता.