शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाचा प्रश्न



घरात कुणाची शस्त्रक्रिया निघाली की आपण प्रथम विचारतो, ‘चांगला सर्जन कोण?’ आणि लगेच, ‘पैसा कोठून आणावयाचा?’ या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे. तो न विचारल्यामुळेच अंगावरचे दागिने सावकाराच्या पेटीत जातात.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत निराळ्या नावाने सुरू झाली. २०१३ साली ती राज्यभर पोहोचली. २०२४ पासून पिवळी, केशरी वा पांढरी, कोणतीही शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे.

मात्र ध्यानात घ्या, ही योजना सर्जनाशी नव्हे, रुग्णालयाशी बांधलेली आहे. एकच सर्जन दोन रुग्णालयांत शस्त्रक्रिया करीत असेल, तर एकीकडे ती विनामूल्य होईल आणि दुसरीकडे तिचे बिल येईल. शिवाय रुग्णालय यादीत असले तरी ते प्रत्येक शाखेसाठी असतेच असे नाही. म्हणून छत्रपती संभाजीनगरात कोठेही दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्रास गाठा व स्पष्ट विचारा : ‘हीच शस्त्रक्रिया येथे योजनेत होते काय?’ शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर न्या. शस्त्रक्रियेपूर्वी मंजुरी लागते, हे विसरू नका. शंका असल्यास १५५३८८ या क्रमांकावर विचारा. खाजगी दार बंद दिसले तर घाटी आहेच. तिचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासून मराठवाड्याची सेवा करीत आहे.

पण सारा भार रुग्णानेच का वाहावा? कोणत्या शाखा योजनेत आहेत याची मराठी पाटी प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर असली पाहिजे, आणि सर्जनाने पहिल्याच तपासणीत ते सांगितले पाहिजे. अनामत भरल्यावर कळलेला हक्क हा हक्क नव्हे, ती फसवणूक आहे.

‘फुकटचे उपचार’ म्हणून लाजणाऱ्यांस आमचे एकच सांगणे आहे. ही भीक नाही. कापडासारख्या रोजच्या वस्तूंच्या खरेदीत आपण जो कर भरतो, त्याच सार्वजनिक खजिन्यातून हा खर्च होतो. ज्यांचे नाव या योजनेस आहे, त्यांच्या सहधर्मचारिणी सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करिताना गेल्या. त्यांनी रुग्णांवर उपकार केले नाहीत, कर्तव्य केले. शासनाकडे आपण तेवढेच मागावयाचे आहे. आणि मागावयाचे ते मान ताठ ठेवून.