चिमणी गुळगुळीत राहते कुठे?

आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागातला गोल छेदाचा तक्ता आपल्या सगळ्यांच्या हाताखालचा. वेग गुणिले व्यास ६ च्या वर गेला की तिथे दोन वाटा फुटतात: गुळगुळीत पृष्ठभागाला एक गुणांक, खडबडीत किंवा बाहेर काही निघालेल्या पृष्ठभागाला दुसरा. सडपातळ चिमणीसाठी दुसरा जवळपास दुप्पट. तरी हिशेबात सर्रास पहिलाच उचलला जातो, कारण पत्रा नवा असतो आणि आकडा सोयीचा.

हा ६ म्हणजे हवेत साधारण चार लाख रेनॉल्ड्स अंक. त्याच्या आसपास बाउंडरी लेयर टर्ब्युलंट होते, पृष्ठभागाला जास्त वेळ धरून राहते, मागची वेक अरुंद होते आणि ड्रॅग एकदम उतरतो. १९१२ च्या सुमारास आयफेलचा गोलावरचा ड्रॅग गटिंगेनच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी भरला, तो यामुळेच. प्रांटलने मग गोलाला पुढच्या बाजूने बारीक तार गुंडाळली आणि ड्रॅग घटवून दाखवला.

इथेच घोटाळा होतो. तारेने ड्रॅग कमी झाला, मग शिडीने वाढेल कसा? प्रांटलचा गोल संक्रमणाच्या अलीकडे होता. आपली ३ मीटर व्यासाची चिमणी सेकंदाला ४० मीटर वाऱ्यात १२० वर असते. तिथला थर आधीच टर्ब्युलंट. वरून खडबडीतपणा आला की तो थर फक्त जाड होतो, लवकर सुटतो आणि ड्रॅग पुन्हा चढतो. (विंड टनेलमधलं १:२०० चं मॉडेल याच्या अगदी उलट टोकाला असतं. १५ मिलिमीटर व्यास, १५ मीटर वेग, गुणाकार पाव सुद्धा नाही. म्हणून तर त्याला मुद्दाम खरखरीत करतात.)

आता साइटवर बघा. शिडी आणि प्लॅटफॉर्म पहिल्या दिवसापासून, केबल ट्रे नंतर, अँटेना कोणी आणि कधी लावला ते विचारायचंच नाही. कंपनं थांबवायला वरच्या तिसऱ्या भागात सर्पिल पट्ट्या वेल्ड करतात. त्या कंपनं आवरतात, पण वाऱ्याचा भार वाढवतात. तो वाढीव भार पायाच्या बोल्टांच्या हिशेबात धरला होता का?

आमचं मत स्पष्ट आहे. गुळगुळीत पृष्ठभागाचा गुणांक घेतला असेल तर तो ड्रॉइंगवर ठळक लिहा आणि खाली टीप द्या: बाहेरून काहीही जोडण्याआधी डिझायनरला विचारणे. शंका असेल तिथे सरळ खडबडीतची ओळ घ्या. पोलाद थोडं जास्त लागेल; मालकाला ते आजच सांगितलेलं बरं.