मुलांच्या मनावरील शिक्क्याचें माप

आमच्या सरकारास मोजण्याची हौस दांडगी आहे. शाळेंत मुलें किती, मुली किती, कोणत्या वर्गवारीचीं किती, पिण्याचें पाणी आहे कीं नाहीं, संडास किती, याचे तक्ते दरसाल भरून वर जातात. २००५ सालापासून 'असर' नांवाची पाहणी खेडोपाडीं घरोघर जाऊन मुलांना वाचतां येतें काय, वजाबाकी जमते काय, हें तपासून अहवाल छापीत आली आहे. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु ज्या एका गोष्टीमुळें आमच्या गरीबाचें पोर वर्गांत बसूनहि शाळेबाहेरच राहतें, तिला या तक्त्यांत रकाना नाहीं. ती गोष्ट म्हणजे "तूं अमक्या जातीचा, तुला काय येणार?" हा कपाळीं मारलेला शिक्का.

कोणी म्हणेल, मनाला लागलेलें कसें मोजावें? तो कांहीं पायलीनें मोजावयाचा जोंधळा नव्हे! ज्यांना मोजणी नकोच असते त्यांच्या हा आक्षेप फार सोयीचा आहे. पण तो टिकत नाहीं. ही मोजणी झालेली आहे, आणि ती विलायतेंत नव्हे, आपल्याच देशांत झाली आहे.

उत्तर प्रदेशांतील हरदोई जिल्ह्यांत कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनीं सहावी-सातवींतले ६४२ मुलगे जमविले. निम्मे वरच्या म्हणविणाऱ्या जातींचे, निम्मे अस्पृश्य गणलेल्या चर्मकार जातीचे. त्यांना कागदावर छापलेले भुलभुलैये सोडवावयास दिले व त्याबद्दल रोख पैसे ठेविले. जातीचा उच्चार झाला नाहीं तेथें दोन्हीकडचीं मुलें बरोबरीस उतरलीं. कांहीं गटांत मात्र आरंभींच प्रत्येक मुलाचें नांव, बापाचें नांव, आज्याचें नांव, गांव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखविली. कोडीं तींच, वेळ तोच, पैसेहि तेच. पण चर्मकारांच्या मुलांनीं सोडविलेल्या कोड्यांची संख्या एकदम खालीं आली. हें काम २००४ व २००६ सालीं प्रसिद्ध झालें आहे. शेतकरी बंधूंनो, याचा अर्थ नीट ध्यानांत घ्या. त्या मुलांची बुद्धि पांच मिनिटांत कोणी काढून नेली नव्हती. त्यांना फक्त आठवण करून दिली, कीं तुम्ही कोण आहांत हें येथें सर्वांस ठाऊक आहे. "या जातींना डोकेंच नसतें" असें पिढ्यान् पिढ्या सांगणारांस याहून स्पष्ट उत्तर आम्हांस माहीत नाहीं.

शिक्का जुनाच आहे. १८५५ सालीं जोतीरावांच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मांग मुलीनें आपल्या जातीचें दुःख 'ज्ञानोदय' पत्रांत स्वतःच्या लेखणीनें मांडलें, तेव्हां ती केवळ चौदा वर्षांच्या आसपासची होती. पुढें साताऱ्याच्या शाळेंत लहानग्या आंबेडकरांस बसावयास निराळें गोणपाट असे आणि तें त्यांनींच घरीं नेऊन परत आणावें लागे. तें गोणपाट डोळ्यांना दिसत तरी होतें. १९५० सालीं घटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता बंद झाली, गोणपाटें उचललीं गेलीं. पण त्यामागची भावना तेवढ्यानें उठून गेली काय? आतां ती शोधण्यास मुलांनाच विचारलें पाहिजे. तेंहि कसें विचारावें याचें तारतम्य हवें. वर्गांत मास्तरांच्या देखत एकेकास उभें करून "तुला कोणी हिणवतो काय?" असें पुसलें तर पोर खालीं मान घालून "नाहीं" म्हणेल, आणि तपासनीस 'निरंक' लिहून पुढें जाईल. शिवाय हरदोईचा धडा असा, कीं जात चारचौघांत पुकारणें हीच मुळीं जखम आहे. म्हणून विचारणारा परका असावा, विचारणें एकांतांत असावें. आणि कोण कोणाशेजारीं बसतें, झाडू कोणाच्या हातीं येतो, पाणी आणावयास कोणास धाडतात व कोणास धाडीत नाहींत, हें न बोलतां पाहावें.

येथवर आमचे वाचक माना डोलावतील. पुढचें थोडें कडू आहे. रेमा हॅना व ली लिंडन या दोघां संशोधकांनीं मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात वाटेल तशी, चिठ्ठ्या टाकाव्या तशी, लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. २०१२ सालीं छापलेला निष्कर्ष असा, कीं खालच्या जातीचें नांव असलेल्या पत्रिकेस थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता. पण तो पाडणारे कोण? वरच्या जातींचे नव्हत, खालच्या गणलेल्या जातींचेच शिक्षक! जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें शेतकरी वर्गांतून शिक्षक तयार करा असें मागितलें, तें योग्यच होतें व आहे. पण शिक्षक आपला मिळाला म्हणजे त्याच्या लहानपणींचा शिक्का धुऊन निघाला असें होत नाहीं. तो त्याच शाळेंत शिकलेला असतो.

घरचा हिशेबहि पाहूं. २०११-१२ सालच्या भारतीय मानव विकास पाहणींत सुमारे ४२,००० घरांस शिवाशीव पाळतां काय असें विचारलें. शंभरांत सुमारे २७ घरांनीं होय म्हटलें. ब्राह्मणांत हें प्रमाण सर्वांत अधिक निघालें, याचें आमच्या मंडळीस नवल वाटणार नाहीं. पण इतर मागास वर्गांतहि तें तिसऱ्या हिश्शाच्या आसपास होतें. इतर मागास म्हणजे कोण? सुतार, लोहार, कुंभार, तेली, माळी, आम्ही आणि तुम्ही. आपल्या पोरास शाळेंत कोणी हिणवलें तर आपण काठी घेऊन धांवतों. त्याच पोराचा मित्र दारीं आला असतां त्याला पेला निराळा देणारी घरें आपल्यांत आहेत, आणि पोर तें पाहत असतें. मोजणी आली तर ती आपल्या ओसरीवरहि आली पाहिजे.

सरकार केव्हां रकाना वाढवील तो वाढवो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत निदान तीन-चतुर्थांश माणसें पालकांतलीं असावींत व त्यांत दुर्बल घटकांतले पालकहि त्यांच्या प्रमाणांत असावेत असें ठरविलें आहे. तेव्हां पुढच्या बैठकीस सहीपुरतें जाऊं नये. शिष्यवृत्तीचीं नांवें भर वर्गांत जातवार पुकारतात काय, कीं पालकांस बोलावून सांगतात, हें विचारावें. जेवणाच्या पंगतींत मुलें कशीं बसतात, तें एक दिवस न सांगतां जाऊन पाहावें. संडास कोण झाडतें याची चौकशी करून तें इतिवृत्तांत लिहवून घ्यावें. आणि लिहून घेण्यास मास्तर कचरले तर तेंहि लिहवून घ्यावें.