राज्यमाता फलकावर, माणूस औताला

2025 च्या पावसाळ्याच्या तोंडावर लातूर जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने औताचे जू स्वतःच्या खांद्यावर घेतले. पुढे तो, मागे त्याची बायको. बैलजोडी घेण्याची ऐपत नाही, ट्रॅक्टरचे भाडे झेपत नाही आणि पीक तर थांबायला तयार नाही. चित्रफीत देशभर फिरली, पुढाऱ्यांना कळवळा आला, आश्वासनांचा पाऊस पडला. आठवड्याभरात सगळे आपापल्या कामाला लागले. कोणीही एक साधा प्रश्न विचारला नाही: या जिल्ह्यातले बैल गेले कुठे?

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात विचारला असता तर एक वेळ सोडून देता आला असता. पण देवणी हा लातूरचा तालुका आहे आणि कंधार नांदेडचा. या दोन तालुक्यांनी देवणी आणि लाल कंधारी या दोन गोवंशांना नावे दिली आहेत. देवणी दुधाला चांगली आणि औतालाही, लाल कंधारी उन्हातान्हात राबणारी. या मातीने जी जनावरे घडवली त्यांच्याच मुलखात बैलाच्या जागी माणूस जुंपला जातो, आणि त्याच्या नऊच महिने आधी, 30 सप्टेंबर 2024 रोजी, याच राज्याच्या सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केलेले असते! त्या शासन निर्णयात देवणी आणि लाल कंधारी यांची नावे आदराने घेतलेली आहेत. सोबत दर गायीमागे रोज 50 रुपये अनुदानही जाहीर झाले. कोणाला? गोशाळांना. ज्याच्या दावणीला गाय बांधलेली आहे, जो तिचे शेण काढतो, रात्री उठून तिला वैरण टाकतो, त्या शेतकऱ्याच्या गोठ्याला या पन्नासातला पाच पैशांचाही वाटा नाही. गाय शेतकऱ्याच्या दारात असेल तोवर तिला दमडी नाही आणि त्याला ती पोसवेनाशी होऊन गोशाळेत गेली की तिच्यावर सरकारची माया! याला आम्ही ढोंग म्हणतो. सौम्य शब्द आमच्याकडे नाही.

आता सेंद्रिय शेतीकडे वळू, कारण मंत्र्यांच्या भाषणांत हल्ली गायीनंतर तिचाच क्रमांक लागतो. 2015 पासून केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना आहे. राज्याचे डॉ. पंजाबराव देशमुख मिशन आहे. मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत 25 लाख हेक्टर नैसर्गिक शेतीखाली आणण्याची घोषणा झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली, 2,481 कोटी रुपयांची. आकडा ऐकून छाती दडपते ना? मग दुसरा आकडाही ऐका. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रासायनिक खतांच्या अनुदानाची तरतूद सुमारे 1 लाख 68 हजार कोटींची होती. खतांना शंभर रुपये मिळतात तेव्हा नैसर्गिक शेतीच्या अख्ख्या अभियानाच्या वाट्याला जेमतेम दीड रुपया येतो. परंपरागत योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये आहेत. त्यातले 15,000 थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात, म्हणजे एकरी वर्षाला दोन हजार. उरलेले प्रशिक्षण, प्रमाणपत्र, विक्रीव्यवस्था अशा वाटांनी जातात. दोन हजारांत एका एकराला पुरेल एवढे शेणखत विकत मिळते का, हे कोणत्याही कृषी सहायकाने छातीवर हात ठेवून सांगावे.

शेणखत विकत घेण्याची वेळच का यावी, हा खरा मुद्दा आहे, आणि तिथेच या दोन जिल्ह्यांची दुखरी नस आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही विचारा. पूर्वी शिवारात ज्वारी होती. ज्वारी म्हणजे नुसती भाकरी नव्हे. ज्वारी म्हणजे कडबा. कडब्यावर बैल जगायचे, बैलाने औत चालायचे, शेणाने उकिरडा भरायचा, उकिरड्याने काळी सकस राहायची आणि त्या काळीत पुन्हा ज्वारी यायची. तुरीच्या ओळी मधून असायच्या, बांधावर अंबाडी. मग सोयाबीन आले. आम्ही सोयाबीनला शिव्या देणार नाही; त्याने तीन महिन्यांत रोख पैसा हातात दिला, मुलांच्या फिया भरल्या, लातूरची बाजारपेठ उभी केली. पण सोयाबीनचे भुसकट जनावर तोंडात घेते, त्यावर जगत नाही. ज्वारी हटली तसा कडबा हटला, कडबा हटला तसे दावणीचे खुंटे उपटले गेले. मग पेरणीला ट्रॅक्टर, काढणीला मळणीयंत्र, खताला दुकान आणि दुकानाला उधारी. 2021 च्या उन्हाळ्यानंतर लातूरच्या आडतीत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले होते. 2024 च्या सुगीत तेच चार हजारांच्या आसपास विकले गेले. हमीभाव होता 4,892! ज्या शेतकऱ्याने या भावाच्या भरवशावर गोठा मोडला त्याला भाव मिळाला नाही आणि गोठाही परत मिळाला नाही.

सरकारच्या सेंद्रिय योजनेत या साखळीचे नावही नाही. तिथे आहे ड्रम, बाटली आणि छायाचित्र. गटाचा फलक लागतो, कृषी विभागाचे पथक येते, निळ्या ड्रमात जीवामृत ढवळताना फोटो निघतो. गाय शेजाऱ्याची, गोमूत्र मागून आणलेले. दुकानातही ‘ऑरगॅनिक’ असे छापलेल्या बाटल्यांच्या रांगा लागल्या आहेत. डीएपीच्या पोत्यासोबत नॅनो युरियाची बाटली गळ्यात मारतात, त्याला शेतकरी ‘लिंकिंग’ म्हणतो. उद्या जैविक द्रावणाचेही लिंकिंग होईल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण कोणी या खात्याच्या प्रवेशद्वारावर कोरून ठेवावी.

जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी गावाची गायराने जंगल खात्यात घातल्याने जनावरे कशी उपाशी मरू लागली आणि त्यामुळे जमीन कशी निःसत्त्व झाली याचा हिशेब मांडला आहे. तलावांतला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्या, ताली-बंधारे बांधून माती अडवा, असेही त्यांनी सांगितले. सरकारला ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुचायला 2017 उजाडावे लागले. गायरानाचे तर आजही नाव काढायला कोणी तयार नाही, कारण ते नाव काढले की गावगाड्याच्या सगळ्या गाठी उघड्या पडतात.

त्या आम्ही उघडतो. सेंद्रिय शेतीच्या उत्साहात काही मंडळी ‘जुने गाव’ आळवू लागतात. इर्जिक, सावड, बलुतेदारी, सगळे कसे गुण्यागोविंदाने नांदत होते! नव्हते नांदत. ज्याच्या पाच पिढ्यांनी इतरांच्या गोठ्यातले शेण काढले आणि मेलेली ढोरे ओढली, त्याच्या मालकीची वीतभर काळी नव्हती. मराठवाड्यातल्या दलित कुटुंबांनी गायरानाचे तुकडे कसायला घेतले ते हौसेने नव्हे; दुसरीकडे जमीनच मिळत नव्हती म्हणून. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 चा आहे, आणि तरी त्यातल्या कित्येकांच्या हाती आजही सातबारा नाही. तेव्हा गोप्रेमी मंडळींनी ‘गायरान गायीला’ ही घोषणा देत या कुटुंबांवर चालून जाऊ नये. ज्याला खरोखर गायरान वाचवायचे आहे त्याने सौर प्रकल्पांना, संस्थांना आणि पुढाऱ्यांच्या कुंपणांना किती गायरान गेले, याची यादी आधी गावसभेत वाचावी. भूमिहीनाला वगळून उभे राहिलेले सेंद्रिय गाव आम्हाला नको.

बैलाबद्दलही स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. गायीची कत्तल आधीपासूनच बंद होती. 2015 च्या कायद्याने बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हातारा बैल विकून त्यात चार पैसे घालायचे आणि तरणा घ्यायचा, हा हाळी-हंडरगुळीच्या बाजारातला आणि माळेगावच्या यात्रेतला जुना हिशेब होता. तो मोडला. श्रद्धेचा मान राखून आम्ही विचारतो: म्हाताऱ्या बैलाला पोसायचा भार कायद्याने शेतकऱ्यावर टाकला, तर त्या वैरणीचे पैसे कायदा करणाऱ्यांनी का देऊ नयेत?

या अंधारात एक खरे काम झाले आहे, आणि ते बायकांनी केले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत घरे पुन्हा बांधण्यासाठी महिलांचे गट उभे राहिले. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या, प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने पुढे दुष्काळात एक साधी वाट धरली. घरच्या जमिनीतला एखादा एकर बाईने नवऱ्याकडून मागून घ्यायचा, त्यात नगदी पीक न लावता ज्वारी, डाळी, भाजीपाला असे मिश्र पीक घ्यायचे, खत आणि अर्क घरीच करायचे, आधी घरचे ताट भरायचे आणि उरेल ते विकायचे. 2016 साली, म्हणजे ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्याच वर्षी, या कामाला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी सीताशेती मांडली तेव्हा त्यांनाही हेच दिसले होते की विषमुक्त अन्नाची सुरुवात बाईच्या हातातल्या तुकड्यापासून होते. पण त्या एकराचा सातबारा कोणाच्या नावावर? नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या. पीककर्ज त्याला, पीकविमा त्याला, पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार त्याला. बाई तीन वर्षे राबून जमीन सुधारते आणि चौथ्या वर्षी सोयाबीनचा भाव वाढल्याची कुणकुण लागली की घरचा कर्ता तो तुकडा परत घेतो. संयुक्त राष्ट्रांना दिसलेले आमच्या तलाठ्याला दिसत नाही.

आणि त्या बाईने काय पिकवायचे हे तिला कोणी शिकवण्याची गरज नाही. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर आणि नांदेडच्या गावांत चूल पेटते ती रानात. शहरे ओस पडतात, वकील-डॉक्टरसुद्धा शेतात जाऊन बसतात, ज्याला शेत नाही त्यालाही बोलावणे असते. कडब्याची कोप, तिच्यात दगडाचे पांडव, माठात आंबिल, आणि पावटा, वाटाणा, तूर, हरभरा, चार पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी. त्या ताटात सोयाबीनचा दाणा नाही! मिश्र पिकाचा इतका नेमका आराखडा कोणत्याही कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत सापडणार नाही. आता कोपीसाठी कडबा विकत आणावा लागतो, एवढाच फरक.

आमच्यावर आक्षेप येईल की सेंद्रिय शेतीने उत्पन्न घटते. घटते. सुरुवातीची दोन-तीन वर्षे हमखास घटते, आणि जो हे लपवतो तो शेतकऱ्याचा वैरी आहे. प्रमाणीकरणाच्या नियमांतच हंगामी पिकांना दोन वर्षांचा संक्रमणकाळ आहे. त्या काळात माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही आणि पीक मात्र कमी येते. श्रीलंकेने एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भात कोसळला आणि नोव्हेंबरात सरकारने शेपूट घातली. तसला वेडेपणा आम्ही मागत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की त्या दोन वर्षांची झीज शेतकऱ्याने एकट्याने का सोसावी? सिक्कीम सेंद्रिय राज्य जाहीर झाले ते 2016 मध्ये, पण त्याची तयारी 2003 पासून चालू होती. इथे मात्र तीन वर्षांत 25 लाख हेक्टर!

2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पुरात नांदेड आणि लातूरची हजारो एकर माती वाहून गेली. सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. ज्या मातीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत घसरलेला असतो ती पाणी धरत नाही, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरात सरपटत जाते. शेणखत, पालापाचोळा आणि मिश्र पिकाची मुळे यांना शासनाने छंद समजू नये. पुढच्या पॅकेजचे हजारो कोटी त्यांच्यावर अवलंबून आहेत.

म्हणून आमच्या मागण्या रोखठोक आहेत. गोशाळेला मिळणारे पन्नास रुपये शेतकऱ्याच्या दावणीच्या देवणी-कंधारीला आणि कामाच्या बैलालाही द्या. रब्बी ज्वारीची खरेदी हमीभावाने गावाजवळच्या केंद्रावर करा आणि कडब्याला वेगळा बोनस द्या. 2023 च्या भरडधान्य वर्षाची भाषणे पुष्कळ झाली. खताच्या अनुदानातला वाटा, जो खत घेत नाही त्या शेतकऱ्याच्या खात्यात थेट टाका. गोणीला मिळतो तो पैसा मातीला का मिळू नये? बोरसुरीच्या तुरीला, कास्तीच्या कोथिंबिरीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लातूरच्या बाजार समितीत त्यांच्यासाठी स्वतंत्र वजनकाटा आणि स्वतंत्र लिलाव सुरू करा. जी बाई एक एकर कसते तिच्या नावाची नोंद कसणारी म्हणून सातबाऱ्यावर घ्या आणि भूमिहीन बायकांच्या गटांना पडीक सरकारी जमीन दहा वर्षांच्या कराराने द्या.

यातली एकही गोष्ट दिल्लीची वाट पाहत थांबलेली नाही असे आम्ही म्हणणार नाही. खतांचे अनुदान दिल्लीतूनच हलेल. पण काटा, कडबा, गोठा आणि पडीक जमीन या गोष्टी याच दोन जिल्ह्यांत ठरतात. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा नियोजन समित्यांची पुढची बैठक बसेल तेव्हा पालकमंत्र्यांनी आराखड्याचे ते पान उघडावे आणि शेतकऱ्याच्या गोठ्यासमोर किती रुपये लिहिले आहेत ते मोठ्याने वाचावे. आम्ही तो आकडा दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर छापू, मग तो शून्य का असेना.